करांची नाडी जाणणारा दिवाण : तंजावरचे राजा सर टी. माधवराव

महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी माणसाचा इतिहास लिहू जाता तंजावरचे नाव अग्रभागी येते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास कावेरीच्या खोऱ्यात उतरले आणि तेथे भोसल्यांची गादी स्थापन झाली. ती सुमारे एकशेऐंशी वर्षे टिकली. सरफोजीराजांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आणि बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ साली कोरला गेलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांची माहिती आपल्यापैकी बहुतेकांना आहे. परंतु राजांच्या पाठोपाठ जी कारकुनी आणि मुत्सद्दी घराणी दक्षिणेत गेली, ज्यांनी तमिळ मुलखात राहून घरी मराठी आणि कचेरीत चार भाषा चालवल्या, त्यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. अशाच एका घराण्यात राजा सर टी. माधवराव यांचा जन्म झाला. दक्षिणेकडील रिवाजाप्रमाणे नावाच्या आरंभी गावाचे अक्षर लावतात. माधवरावांच्या नावातील टी हे अक्षर तंजावरचे आहे. त्रिवेंद्रम, इंदूर आणि बडोदे अशा तीन राजधान्यांत त्यांनी दिवाणगिरी केली, पण तंजावर त्यांच्या नावातून कधी सुटले नाही.

माधवरावांचे चरित्र अनेक अंगांनी सांगता येईल. ते शिक्षक होते, मुत्सद्दी होते, राजपुत्रांना घडवणारे गुरू होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या कर्तृत्वाच्या एकाच अंगाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे, आणि ते म्हणजे करांविषयीची त्यांची जाण. कराने तिजोरी भरते हे कोणताही राज्यकर्ता जाणतो. पण कर माणसाचा हातही वळवतो. तो काय पिकवील, काय विकत घेईल, कोणत्या वाटेने माल नेईल, प्रामाणिक राहील की चोरवाट धरील, हे पुष्कळ अंशी करांच्या दरावरून ठरते. हा दुसरा हिशेब जमाखर्चाच्या वहीत कोठेही लिहिलेला नसतो. माधवरावांना तो वाचता येत होता, आणि त्या वाचनाच्या बळावर त्यांनी बुडू घातलेले एक राज्य तारले.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी तंजावर प्रांतातील कुंभकोणम येथे एका देशस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. घराण्यात राज्यकारभाराची परंपरा होती. त्यांचे चुलते रायराय वेंकटराव आणि वडील रंगराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानाचे दिवाण होऊन गेले होते. म्हणजे माधवराव ज्या पदावर पुढे नाव मिळवणार होते, ते पद घरातील बोलण्यात त्यांनी लहानपणापासून ऐकलेले होते. तथापि ते पद त्यांना वारशाने मिळाले नाही. त्यांचे शिक्षण मद्रास येथील सरकारी हायस्कुलात झाले. हीच संस्था पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून नावारूपास आली. तिचे प्रमुख पॉवेल हे गणिताचे अध्यापक होते आणि माधवराव त्यांचे आवडते शिष्य. गणित व ज्योतिष यांची त्यांना इतकी गोडी होती की, बाजारातून भिंगे विकत आणून आणि बांबूच्या नळ्यांत बसवून त्यांनी दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यंत्रे स्वतः तयार केली असे सांगतात. १८४६ साली उच्च श्रेणीत शिक्षण पूर्ण केल्यावर काही काळ त्यांनी अध्यापन केले आणि नंतर मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. आकड्यांशी त्यांचे जे नाते जडले, ते अशा प्रकारे शाळेत आणि हिशेबाच्या मेजावर जडले.

१८४९ साली त्यांना त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून बोलावणे आले. सुमारे चार वर्षे त्यांनी हे काम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे राजपुत्र, आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ, पुढे क्रमाने गादीवर आले. त्यानंतर माधवराव संस्थानाच्या महसूल खात्यात शिरले आणि अल्पावधीत दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले. जेथे बंदोबस्त ढासळला होता, तेथे त्यांनी थोड्याच काळात घडी बसवली.

हा काळ हिंदी संस्थानांच्या दृष्टीने मोठा कठीण होता. लॉर्ड डलहौसी यांच्या धोरणामुळे एकामागून एक गाद्या खालसा होत होत्या. तंजावरचे शेवटचे राजे दुसरे शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने ती गादी संपुष्टात आणली. मुलखाचा कारभार १७९९ च्या तहानेच हातचा गेला होता, आता उरलेले नावही गेले. त्याच सुमारास त्रावणकोरच्या महाराजांनाही मद्रास सरकारमार्फत ताकीद मिळाली की, कारभार सुधारला नाही तर संस्थान ताब्यात घेतले जाईल. तिजोरी रिकामी होती, नोकरांचे पगार थकले होते, कर्ज झाले होते. तंजावरचा वारस नाही म्हणून अंत झाला. त्रावणकोरला वारसांची वाण नव्हती, तेथे धोका होता तो जमाखर्चाचा. अशा स्थितीत १८५७ साली दिवाण कृष्णराव निधन पावले आणि वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी माधवरावांच्या हाती दिवाणगिरीची सूत्रे आली. पुढील वर्षी ते त्या पदावर कायम झाले.

रिकाम्या तिजोरीच्या रखवालदाराला पहिला मोह कर वाढवण्याचा होतो. माधवरावांनी उलट वाट धरली. कोणते कर माणसांना वाकड्या वाटेला लावीत आहेत, हे त्यांनी आधी पाहिले.

संस्थानाच्या उत्पन्नाचा एक जुना आधार म्हणजे मिऱ्यांची सरकारी मक्तेदारी. मलबारच्या किनाऱ्यावरील मिरी शतकानुशतके जगाच्या बाजारात जात होती. त्रावणकोरात ती पिकवणाऱ्या रयतेने ठरलेल्या भावाने सरकारलाच विकावी, दुसऱ्या कोणाला विकू नये, असा नियम होता. कागदावर ही व्यवस्था तिजोरीच्या फायद्याची दिसे. पण सरहद्दीपलीकडे, ब्रिटिशांच्या ताब्यातील कोचीन बंदरात, खुल्या बाजाराचा भाव मिळत असे. मग सरकारी वखारीत कमी भावाने माल कोण घालणार? खाडीच्या पाण्यातून रात्रीच्या होड्या निघत. त्या अडवण्यासाठी चौकीदार ठेवावे लागत, चौकीदारांवर लक्ष ठेवण्यासाठी आणखी माणसे लागत, आणि ज्याच्या मळ्यात मिरीचा वेल असे तो चोर ठरण्याच्या भयात राही. माधवरावांनी आपल्या दिवाणगिरीच्या आरंभीच्या वर्षांत ही मक्तेदारी मोडली. मिरीचा व्यापार खुला केला आणि तिच्यावर केवळ निर्यात जकात ठेवली. ही जकात आरंभी खंडीस पंधरा रुपये होती, ती पुढे नऊ आणि नंतर पाच रुपयांपर्यंत उतरवली. दर उतरला तसा चोरवाटेचा नफाही उतरला, आणि सरळ मार्गाने माल बंदरावर नेणे हेच व्यापाऱ्याच्या फायद्याचे झाले.

दुसरी मक्तेदारी तंबाखूची होती. तंबाखू संस्थानाबाहेरून येई. ती सरकार ठेकेदारांमार्फत घेई आणि मोठा नफा चढवून विके. या नफ्याचा आकडा इतका मोठा होता की त्याला हात लावण्याचे धाडस सहसा कोणी केले नसते. पण येथेही रोग तोच होता. सरकारी तंबाखू जितकी महाग, तितका चोरटी तंबाखू आणण्यात लाभ अधिक. खाणाऱ्याची सवय काही मोडत नव्हती, फक्त त्याचे पैसे वेगळ्या खिशात जात होते. १८६३ साली ही मक्तेदारीही उठवली गेली. त्याऐवजी आयात जकात बसवली गेली आणि ती क्रमाक्रमाने कमी करण्यात आली. अशा बदलात पहिल्या एकदोन वर्षांत तूट सोसावी लागते, आणि धीर नसलेला अधिकारी तेवढ्यात माघार घेतो. माधवरावांनी माघार घेतली नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस संस्थानाचे एकूण उत्पन्न आरंभीपेक्षा बरेच वाढलेले होते आणि मागील कर्जे फिटलेली होती.

तिसरे काम किरकोळ करांचे. जुन्या काळापासून चालत आलेले लहानसहान कर शंभरावर होते. कोळ्याच्या जाळ्यावर, कोष्ट्याच्या मागावर, तेल्याच्या घाण्यावर, ताडावर चढणाऱ्याच्या शिडीवर अशा नाना तऱ्हेचे हे कर. त्यांतून तिजोरीत पडणारी रक्कम क्षुल्लक, वसुलीचा त्रास मात्र प्रचंड. शिवाय असे कर नेमके माणसाच्या हत्यारावर बसतात. जाळे वाढवले तर कर वाढतो, दुसरा माग घातला तर कर वाढतो, म्हणून कोळी एका जाळ्यावर आणि कोष्टी एका मागावर समाधान मानतो. त्यांपैकी शंभराहून अधिक कर माधवरावांच्या काळात रद्द झाले.

१८६५ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात जकातीविषयी करार झाला आणि या तीन मुलखांमधील व्यापारावरील जकातीचे अडथळे दूर झाले. त्याची किंमतही द्यावी लागली. मीठ ही सरकारी मक्तेदारी तशीच राहिली, इतकेच नव्हे तर मिठाचा भाव ब्रिटिश मुलखातील भावाशी जुळवून घ्यावा लागला. गरिबाच्या ताटातील मीठ आणि व्यापाऱ्याच्या मालावरील जकात यांचा हा सौदा सर्वांना सारखा लाभदायक होता असे म्हणता येणार नाही. चरित्रलेखकाने ही बाजूही नोंदवली पाहिजे.

त्याच वर्षी २ जून रोजी सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींची मालकी देणारा जाहीरनामा निघाला. तोवर कूळ जमीन कसत असे, पण ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा पूर्ण हक्क त्याला नव्हता. मालकी मिळताच त्याच जमिनीला मोल आले. बांध घालावा, नारळ लावावा, विहीर खणावी असे वाटू लागले, कारण केलेल्या कष्टाचे फळ आता आपल्याच घरी राहणार होते. सारा तोच, जमीन तीच, पण कसणाऱ्याची दृष्टी पालटली.

माधवरावांच्या या कामाचे मर्म आजच्या वाचकाला पटवून देण्यासाठी मिरी आणि तंबाखू सोडून आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहणे सोयीचे होईल. मोटारीवरील कराने गिऱ्हाइकाचा हात कसा वळतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानचे आहे. त्या देशात मोटारीच्या मालकाला दरवर्षी कर भरावा लागतो आणि तो इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे चढत जातो. अगदी लहान मोटारींचा एक वेगळा वर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे ठरवला गेला. त्या वर्गाची इंजिनमर्यादा बराच काळ ३६० सी.सी. होती, १९७६ साली ती ५५० झाली आणि १९९० साली ६६० झाली. कारखानदारांनी प्रत्येक वेळी त्या मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाणारी इंजिने बनवली. आज या वर्गातील नव्या मोटारीवर वर्षाला १०,८०० येन कर आहे, तर त्याहून एकच पायरी वरच्या, एक लिटरपर्यंतच्या नव्या मोटारीवर २५,००० येन. त्या देशात खपणाऱ्या नव्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक मोटारी या चिमुकल्या वर्गातील असतात, यात नवल नाही.

वरच्या पायरीवरची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८९ पर्यंत जपानात दोन लिटरपर्यंतच्या, ठरावीक लांबीरुंदीच्या मोटारीवर वार्षिक कर ३९,५०० येन होता. ती मर्यादा जराशी ओलांडली की तो एकदम ८१,५०० येन होई. मोटारीच्या पाटीवरील पहिल्या आकड्यावरूनच ती मोटार कोणत्या वर्गातली हे रस्त्यावर कळत असे. परिणामी मोठी मोटार घेणारा गिऱ्हाईक विरळा होता, आणि जपानी माणसाला लहानच मोटार आवडते असा समज सर्वत्र झाला होता. १९८९ च्या एप्रिलमध्ये करांची रचना बदलली आणि दोन ते अडीच लिटरच्या मोटारीवरील कर ४५,००० येनांवर आला. त्यानंतर मोठ्या मोटारींचा खप भराभर वाढला. लोकांची आवड एका वर्षात पालटली नव्हती. ती आधीपासून होती, कराच्या उंच पायरीखाली दबलेली होती.

हे परक्या देशाचे कौतुक म्हणून दूर ठेवण्याचे कारण नाही. डिसेंबर १९८३ मध्ये जी मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर आली आणि पुढे कितीतरी मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार ठरली, तिचा बांधा जपानच्या त्या लहान वर्गातील मोटारीचाच होता. फक्त इंजिन मोठे, ७९६ सी.सी.चे, बसवले होते. म्हणजे टोकियोतील करआकारणीने ठरवलेल्या मापात पुण्या-मद्रासचे कुटुंब दाटीवाटीने बसून देवदर्शनाला जात होते. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात आपल्या केंद्र सरकारने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलवर १२००, डिझेलवर १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर आणले. तेव्हापासून आपल्याकडील मोटारींची मागची बाजू आखूड होऊ लागली. २०१२ साली नव्याने आलेल्या स्विफ्ट डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटर होती, मर्यादेच्या आत अवघे पाच मिलिमीटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांतही लहान मोटारींना अठरा टक्के आणि मोठ्यांना चाळीस टक्के अशी विभागणी आहे आणि मर्यादा त्याच चार मीटरची आहे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन रंग निवडतो, आसने निवडतो, आणि मोटार आपण निवडली असे समजतो. तिचे माप मात्र अर्थखात्याच्या एका ओळीने आधीच निवडलेले असते.

जपानच्या आणि आपल्या करव्यवस्थेत सरकार जाणूनबुजून गिऱ्हाइकाला लहान मोटारीकडे वळवते. रस्ते अरुंद, इंधन परदेशातून येणारे, तेव्हा त्यामागे काही विचार आहे. माधवरावांचा प्रयत्न वेगळ्या दिशेचा होता. कराने माणसाला शक्य तितके कमी वळवावे, त्याने आपल्या हिताची सरळ वाट धरावी आणि त्या वाटेवर थोडीशी पट्टी सरकारला द्यावी, हे त्यांच्या प्रत्येक सुधारणेत दिसते. दोन्ही ठिकाणी मूळ ज्ञान एकच आहे. जो करदात्याच्या मनात काय चालते हे ओळखतो, त्यालाच कर लावताही येतो आणि उठवताही येतो. करवसुलीच्या खात्यांत आयुष्य घालवणाऱ्या आम्हा मंडळींना आकडे पाठ असतात, पण आकड्यांच्या मागील माणूस पाहण्यासाठी माधवरावांची दृष्टी लागते.

अर्थात त्यांची दृष्टी सर्वच बाबतीत काळाच्या पुढे होती असे नाही. १८५८-५९ मध्ये दक्षिण त्रावणकोरात नाडार समाजातील स्त्रियांनी वरचे अंग वस्त्राने झाकावे की नाही यावरून दंगे झाले. या प्रश्नात तरुण दिवाणाचा कल आरंभी जुन्या रूढीच्या बाजूने होता. अखेर मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणल्यावर जुलै १८५९ मध्ये महाराजांचा जाहीरनामा निघाला आणि त्या स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली. तीही उच्चवर्णीयांच्या धर्तीवर नेसण्यास मनाई करूनच. जो पुरुष ताडावर चढणाऱ्याच्या शिडीवरील कराची बोच ओळखू शकला, त्याला त्याच घरातील स्त्रीच्या अपमानाची बोच तितक्या लवकर ओळखता आली नाही. थोर माणसाचे चरित्र लिहिताना अशी पाने फाडून टाकणे योग्य नव्हे.

करांच्या फेररचनेतून जो पैसा उभा राहिला तो माधवरावांनी कोठे खर्च केला, हेही पाहण्यासारखे आहे. रस्ते, पूल आणि कालवे यांसाठी बांधकाम खाते उभे राहिले. त्याचे प्रमुख अभियंता बार्टन यांनी त्रिवेंद्रमची भव्य हुजूर कचेरी बांधली. ती १८६९ साली पुरी झाली आणि आजही केरळ राज्याचे सचिवालय त्याच वास्तूत आहे. १८६६ साली त्रिवेंद्रमला महाविद्यालय सुरू झाले. वर्कलाच्या टेकडीतून बोगदा काढून जलमार्ग जोडण्याचे काम हाती घेतले गेले. डबघाईला आलेले संस्थान आदर्श संस्थान म्हणून ओळखले जाऊ लागले. १८६६ साली माधवरावांना सर ही पदवी मिळाली. ब्रिटिश संसदेचे सदस्य आणि अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गोशी केली. तुर्गो हा सोळाव्या लुईचा अर्थमंत्री. त्याने धान्याचा व्यापार मोकळा केला आणि रस्त्यांवरील वेठ उठवण्याचा प्रयत्न केला, पण दोन वर्षांच्या आत त्याला पदावरून दूर व्हावे लागले. माधवरावांना पंधरा वर्षे मिळाली, आणि त्यांनी ती सार्थकी लावली.

ज्या शिष्याने त्यांना साथ दिली, त्याच आयिल्यम तिरुनाळ महाराजांशी पुढे मतभेद वाढले आणि १८७२ साली माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. त्यांच्या जागी आले ते त्यांचे मद्रासचे सहाध्यायी आणि तंजावर प्रांताचेच सुपुत्र शेषय्या शास्त्री. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा देऊ केली असता माधवरावांनी ती नाकारली. पण स्वस्थ बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८७३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले. तंजावरच्या मराठी घराण्यातील हा पुरुष अशा रीतीने माळव्यातील मराठी दरबारात आला. तेथील दोन वर्षांत त्यांनी संस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. त्यांच्यानंतर त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले.

१८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर करण्यात आले आणि बडोद्याचा विस्कटलेला कारभार सावरण्यासाठी माधवरावांची निवड झाली. त्याच मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. बालराजाच्या वतीने कारभार पाहताना माधवरावांपुढे त्रावणकोरचाच प्रश्न नव्या वेषात उभा होता. बडोद्यात महसूल इजाऱ्याने दिला जाई. सरकारला ठरीव रक्कम देणारा इजारदार रयतेकडून मिळेल तेवढे उकळी, कारण पुढील वर्षी इजारा आपल्याकडे राहील याची त्याला शाश्वती नसे. उद्याची खात्री नसलेला माणूस आजच झाड ओरबाडतो. माधवरावांनी इजारे बंद करून वसुली पगारी अंमलदारांकडे दिली, जमिनीचा सारा हलका केला आणि मुलखात जागोजागी घेतल्या जाणाऱ्या जकातींचा जाच कमी केला. सरदार, सावकार आणि जवाहिरे यांचे गुंतागुंतीचे दावे मिटवण्यात त्यांची पुष्कळ शक्ती खर्ची पडली.

या काळात त्यांनी केलेले आणखी एक काम म्हणजे सयाजीरावांचे शिक्षण. राज्यकारभाराची मूलतत्त्वे समजावून देणारी व्याख्याने त्यांनी तरुण महाराजांपुढे दिली आणि ती पुढे छापली गेली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना राजा हा किताब मिळाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी माधवरावांनी बडोदे सोडले. सयाजीरावांच्या दीर्घ आणि लोकोत्तर कारकिर्दीचे श्रेय त्यांचे स्वतःचेच. परंतु शिलकीत असलेली तिजोरी आणि रुळावर आलेला कारभार त्यांच्या स्वाधीन झाला, यात तंजावरच्या या गृहस्थाचा वाटा मोठा होता.

उत्तरायुष्य त्यांनी मद्रासला मैलापुरात काढले. ग्रंथवाचन, वृत्तपत्रांतून लेखन आणि ज्योतिषाचा जुना छंद यांत त्यांचे दिवस जात. १८८७ साली राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष माधवराव होते. १८९० च्या डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र आनंदराव यांनी १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरची दिवाणगिरी भूषवली आणि घराण्याची परंपरा पुढे चालवली.

माधवरावांनी ज्या तीन दरबारांत सेवा केली त्यांपैकी दोन मराठी होते. पण त्यांची सर्वांत मोठी कामगिरी झाली ती मल्याळी मुलखात, जेथे त्यांची मातृभाषा बोलणारे मोजकेच होते. तेथील मिरी पिकवणाऱ्याला, कोळ्याला आणि कोष्ट्याला दिवाण कोणत्या भाषेचा आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. आपल्या श्रमाची किंमत त्याला कळते की नाही, एवढेच त्यांना हवे होते. घरी मराठी जपावी आणि ज्या भूमीचे अन्न खातो तिच्या माणसांचे मन जाणावे, या दोन गोष्टींत विरोध नाही हे माधवरावांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. दूरच्या शहरात पन्नास वर्षे मंडळ चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

त्रिवेंद्रमच्या सचिवालयासमोरील चौकात माधवरावांचा पुतळा उभा आहे. त्या चौकाला गावातील लोक स्टॅच्यू याच नावाने ओळखतात, आणि बसचा थांबाही त्याच नावाचा आहे. पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला किंवा कन्याकुमारीच्या प्रवासाला निघालेली आपल्यापैकी अनेक कुटुंबे त्या चौकावरून जातात. पुढच्या वेळी मुलाबाळांसह तेथे क्षणभर उतरावे आणि हा पुतळा कोणाचा, त्याच्या नावातील टी कोठून आला, हे त्यांना मराठीत सांगावे.